कपाशीच्या पानाला खाचा कशा पडतात? पानाचा आकार आणि आकारमान ठरण्याविषयी

बांधावरचा (धागाकर्ता)

कपाशीचे एक धडधाकट झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सावकाश पाहिले, तर त्यावर पानांचे निदान चार नमुने सापडतात. उगवणीनंतर जमिनीलगत दिसणारी दोन जाडसर, मूत्रपिंडाकृती बीजपत्रे खरे तर सरकीतच तयार झालेली असतात. त्यांच्यानंतर येणारे पहिले खरे पान बदामी आकाराचे आणि अखंड कडेचे असते. पुढच्या एक-दोन पानांना बाजूला अर्धवट कोपरा निघतो, मग स्पष्ट तीन खंडांचे पान येते, आणि त्यानंतर पाच खंडांची मोठी पाने दिसू लागतात. झाड एक, बियाणे एक, प्रत्येक पेशीतली जनुके तीच, आणि तरीही पानागणिक आकार वेगळा.

पान आपला आकार आणि आपले आकारमान कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या यंत्रणेने ठरवते, एवढाच या धाग्याचा विषय आहे. ‘कशासाठी’ हा प्रश्न मी तूर्त मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण आपल्याकडे वनस्पतींवरची चर्चा बहुतेकदा उपयोगापासून सुरू होते आणि उपयोगापाशीच संपते. प्रत्यक्ष घडण कशी होते, हे सांगायचे राहूनच जाते.

माझे म्हणणे असे की, कपाशीच्या पानातली खाच कापून काढलेली नसते. खाचेच्या जागी वाढ लवकर आवरती घेतली जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना ती चालू राहते. पानाचा आकार म्हणजे या कमी-अधिक वाढीचा हिशेब होय, आणि तो पान शेंड्याच्या आत, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतके लहान असतानाच बराचसा पूर्ण झालेला असतो.

शेंड्यावरची कोवळी पाने सुईने एकेक करून बाजूला सारत गेले, तर शेवटी भिंगाखाली जेमतेम दिसणारा एक ओलसर, चकचकीत घुमट उरतो. त्याची रुंदी मिलिमीटरच्या एका अंशाइतकीच भरते. ही शेंड्याची विभाजी ऊती, म्हणजे सतत नव्या पेशी देणारा पेशींचा समूह. झाडाला लागणारे प्रत्येक पान या घुमटाच्या उतारावर आलेल्या एका उंचवट्यातून जन्माला येते. तो उंचवटा कोठे यावा, हे ऑक्झिन या संप्रेरकाच्या साठ्यावरून ठरते. पेशींच्या आवरणात बसलेली काही प्रथिने ऑक्झिन एका पेशीतून दुसरीत ढकलत राहतात. ज्या जागी ते साचते तेथे पान उगवते आणि आजूबाजूच्या पेशींत त्याची टंचाई झाल्यामुळे पुढचे पान काही अंतर सोडून येते. बर्न विद्यापीठातील डिडिए राइनहार्ट, क्रिस कुलेमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टोमॅटोच्या शेंड्यातली ऑक्झिनची ने-आण रसायनाने बंद पाडली, तेव्हा तो शेंडा एकही पान न देता नुसताच उंच वाढत राहिला. आणि त्याच्या उतारावर ऑक्झिनचा सूक्ष्म थेंब ठेवताच नेमके त्या जागी पान उगवले. इतका सरळ आणि इतका बोलका प्रयोग या विषयात विरळा.

उंचवटा प्रथम गोलसर असतो. तो चपटा होतो, कारण त्याच्या घुमटाकडच्या बाजूच्या पेशी ‘वरची बाजू’ म्हणून आणि विरुद्ध बाजूच्या पेशी ‘खालची बाजू’ म्हणून घडू लागतात आणि या दोन बाजू जेथे भेटतात त्या रेषेवर वाढीला जोर येतो. 1950च्या दशकात इयान ससेक्स यांनी बटाट्याच्या शेंड्यावर अतिशय बारीक शस्त्रक्रिया करून घुमट आणि होऊ घातलेले पान यांच्यामध्ये छेद दिला, तेव्हा ते पान चपटे न होता दंडगोल बनले. पुढे 1995 मध्ये एडिंबरा विद्यापीठातील रिचर्ड वेट्स आणि अँड्र्यू हडसन यांनी अँटिर्‍हिनम या फुलझाडातील एका उत्परिवर्तित वाणावरून याचा खुलासा केला. त्या वाणात वरच्या बाजूची ओळखच नीट घडत नाही, त्यामुळे दोन बाजूंची सीमारेषा तयार होत नाही, आणि पान सुईसारखे गोल राहते.

आता खाचांकडे वळू. अमेरिकन कपाशीत, म्हणजे आज महाराष्ट्रातल्या बहुतांश क्षेत्रावर असलेल्या हिर्सुटम जातीत, पानाचे चार मुख्य प्रकार ओळखले जातात: नेहमीचे रुंद पान, त्याहून थोड्या खोल खाचांचे पान, भेंडीच्या पानासारखे फार खोल खाचांचे पान, आणि जवळजवळ एकच चिंचोळा खंड उरलेले पान. हे चारही प्रकार मुख्यतः एकाच जनुकाच्या निरनिराळ्या रूपांमुळे होतात, असे नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये दाखवले. त्या जनुकाला एलएमआय-1 म्हणतात. भेंडीपानी कपाशीत हे जनुक शाबूत असते, त्याच्या नियंत्रक भागात डीएनएच्या 133 अक्षरांचा तुकडा दोनदा आलेला असतो आणि जनुक अधिक जोराने काम करते. आपल्या नेहमीच्या रुंद पानाच्या कपाशीत मात्र त्याच जनुकातली 8 अक्षरे गळालेली असतात आणि त्यामुळे प्रथिन अर्धवट बनते. भेंडीपानी झाडातले जनुक विषाणूच्या मदतीने गप्प केले, तेव्हा नवीन पाने रुंद आली. म्हणजे ज्याला आपण साधे, सरळ पान समजतो, ते एक जनुक निकामी झाल्याचा परिणाम आहे.

याच कुळातले आरसीओ नावाचे जनुक मोहरीच्या नात्यातल्या कार्डामिन या रानटी वनस्पतीत सापडले. कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेतील मिल्टोस त्सियांतिस यांच्या गटाने 2014 मध्ये दाखवले की, पानाच्या कडेवर ज्या जागी हे जनुक चालू असते तेथे वाढ दबते आणि त्यामुळे पर्णिका, म्हणजे संयुक्त पानातली लहान पाने, एकमेकींपासून सुट्या राहतात. ॲराबिडॉप्सिस या तिच्या भावकीतल्या वनस्पतीने हे जनुक उत्क्रांतीत गमावले आहे, आणि तिचे पान साधे असते. प्रयोगशाळेत ते जनुक तिला परत दिले, तर तिच्या पानाला खोल खाचा पडतात.

शेवटचा पुरावा शेतातला आहे. हंगामात शेतकऱ्यांच्या गटांवर ‘कपाशीची पाने भेंडीसारखी झाली, कोणता रोग आहे’ असे विचारणारी छायाचित्रे फिरू लागतात. पुष्कळदा तो रोग नसतोच. शेजारच्या उसात, ज्वारीत किंवा मक्यात मारलेल्या टू-फोर-डी तणनाशकाचे तुषार वाऱ्याने आलेले असतात, किंवा फवारणीचा पंप नीट धुतलेला नसतो. टू-फोर-डी हे कृत्रिम ऑक्झिन आहे आणि कपाशी त्याला कमालीची नाजूक आहे. अशा झाडावर पाने खालून वर मोजत गेले, तर खालची पूर्ण वाढलेली पाने आकाराने जशीच्या तशी असतात, मधली काही पाने चिंचोळी, लांब बोटांची आणि जवळजवळ समांतर शिरांची असतात, आणि झाड सावरले तर त्यांच्यावरची पाने पुन्हा नेहमीसारखी येतात. तुषार तर सगळ्याच झाडावर पडले होते. बिघडली ती फक्त त्या दिवशी शेंड्यात घडत असलेली पाने.

घाटमाथा

लेख फार चांगला झाला आहे. तरीही ‘कशासाठी’ हा प्रश्न बाजूला ठेवणे मला पटत नाही. आमच्या रानात सागाचे पान सुपाएवढे आणि शेजारी बाभळीची पर्णिका मिलिमीटरमध्ये मोजण्याइतकी. दोघांना पाऊस तोच आणि ऊनही तेच. वाढ कोठे थांबते हे जनुके ठरवतात, हे मान्य. पण कोणती जनुके टिकली, हे तर हवामानानेच ठरवले असणार. शाळेत आम्हाला कोरड्या प्रदेशात पाने लहान असतात असे शिकवले होते. मग कोरड्या पानझडी जंगलात सागाचे काय?

सूक्ष्मदर्शी

घाटमाथा, सागाचे उदाहरण तुम्ही नेमके काढलेत, कारण शाळेतला तो नियम तेथेच अपुरा पडतो.

मोठ्या पानाच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक स्थिर थर राहतो आणि पान जितके रुंद, तितका हा थर जाड. त्यामुळे मोठे पान भोवतालच्या हवेशी उष्णतेची देवघेव सावकाश करते: दिवसा ते हवेहून अधिक तापते, आणि निरभ्र रात्री आकाशाकडे उष्णता सोडून हवेहून अधिक गारठते. दिवसाचा ताप बाष्पोत्सर्जनाने उतरवता येतो, पण त्यासाठी मुळांशी मुबलक पाणी लागते. इयान राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये जगभरातल्या 7,670 जातींच्या पानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा की, पृथ्वीच्या फार मोठ्या भागात पानाच्या आकारमानाची वरची मर्यादा दिवसाच्या तापण्यापेक्षा रात्रीच्या गारठण्याने ठरते. उष्ण व कोरड्या भागात मात्र तापण्याची मर्यादा आधी येते. आणि जेथे ऊबही आहे आणि पाणीही आहे, तेथे पान मोठे व्हायला फारशी आडकाठी उरत नाही.

आता साग पाहा. त्याचे 30 ते 60 सेंटिमीटर लांबीचे पान पावसाच्या तोंडावर येते, भर पावसाळ्यात काम करते आणि उन्हाळा तापायच्या आत बहुतेक गळून जाते. म्हणजे त्या पानाच्या वाट्याला येणारे हवामान कोरडे नसतेच. बाभूळ भर उन्हाळ्यातही हिरवी असते, म्हणून तिला तो ताप सोसेल अशी बारीक पर्णिका लागते. एका गावाचे हवामान एकच असले, तरी दोन झाडांची पाने वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत जगतात.

मात्र बांधावरचा यांनी ‘कसे’ आणि ‘कशासाठी’ वेगळे ठेवले, ते मला योग्य वाटते. हवामान हजारो पिढ्यांमधून निवड करते. त्याने आज शेंड्यातल्या एखाद्या उंचवट्याला हुकूम दिलेला नसतो.

सुरंगी

कोकणातून थोडी भर घालते. कपाशीत दिसणारा पानागणिक बदल फणसात फारच ठळक दिसतो. फणसाच्या लहान रोपावर आणि जोमाने वाढणाऱ्या फुटव्यांवर खोल खाचांची, तीन-तीन खंडांची पाने येतात, ती पाहून हे रोप फणसाचे आहे यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. झाड मोठे झाले की तीच पाने अखंड, लांबट-गोल आणि चकचकीत होतात. म्हणजे कपाशीत वयाबरोबर खाचा वाढतात, तर फणसात त्या नाहीशा होतात.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियन बाभळीचे, जी आमच्याकडे सामाजिक वनीकरणात उदंड लावली गेली. तिच्या मोठ्या झाडावर कोयत्याच्या पात्यासारखे जे दिसते, ते पान नसून चपटा झालेला देठ आहे. हे पटवायचे असेल तर नुकतेच उगवलेले रोप उपटून पाहावे. तळाशी आपल्या बाभळीसारखे पिसाऱ्याचे पान असते, त्याच्या वर एक असे पान असते की ज्याचा देठ रुंदावलेला असून टोकाला थोड्या पर्णिका लोंबत असतात, आणि त्याही वर नुसता रुंद देठ उरतो. सगळा बदल वीतभर रोपावर ओळीने मांडलेला दिसतो.

मात्र ‘खाच कापून काढलेली नसते’ या विधानाला नारळ अपवाद ठरतो, असे मला वाटते. नारळाच्या कोवळ्या रोपाची पहिली पाने अखंड असतात आणि नंतरची झावळी फाटून तिच्या पाती सुट्या होतात. रोपवाटिकेत रोप निवडताना पान लवकर फाटलेले रोप घ्यावे, असे जाणकार सांगतात, कारण ते जोमदारपणाचे लक्षण मानले जाते. येथे तर पान प्रत्यक्ष फाटते.

बांधावरचा

सुरंगी, अपवाद मान्य आहे, आणि म्हणूनच मी ते विधान कपाशीपुरते ठेवले होते. ताडकुळात पान आधी अखंड घडते, त्याला कळीतच घड्या पडतात, आणि मग ठरावीक रेषांवर पेशी एकमेकींपासून सुटतात. टोमॅटो, कडुनिंब किंवा शेवगा यांची संयुक्त पाने या मार्गाने होत नाहीत; त्यांत पानाच्या कडेवर सुरुवातीपासून वेगवेगळे उंचवटे येतात आणि प्रत्येकाची स्वतंत्र पर्णिका होते. टोमॅटोसारख्या वनस्पतींत शेंड्याच्या घुमटाला सतत वाढते ठेवणारी नॉक्स जनुके, जी साध्या पानात बंद झालेली असतात, ती पानात पुन्हा चालू होतात आणि त्यामुळे पान अधिक काळ नवे उंचवटे देत राहते.

खरोखर भोके पडण्याचे उदाहरण मॉन्स्टेराचे. तिचे पान अगदी कोवळे असताना त्यातल्या छोट्या ठिपक्यांमधल्या पेशी ठरवून मरतात आणि पान वाढते तसतशी ती भोके मोठी होतात. केळीचे पान मात्र वारा फाडतो, त्यात पानाचा स्वतःचा काहीच हात नाही. तेव्हा फाटलेले दिसणारे प्रत्येक पान एकाच रीतीने झालेले असते, असे समजू नये.

फणसाबद्दल एक जोड देतो. वयानुसार पाने बदलण्यामागे मिर-156 नावाचा एक छोटा आरएनए असतो, असे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील स्कॉट पोएथिग यांच्या गटाने ॲराबिडॉप्सिसमध्ये दाखवले आणि नंतर इतर वनस्पतींतही तसेच आढळले. रोप लहान असताना त्याचे प्रमाण खूप असते आणि ते प्रौढ पाने घडवणाऱ्या जनुकांना दाबून ठेवते. वय वाढते तसे ते उतरत जाते. पानांनी बनवलेली साखर वाढली की तेही ते उतरवते. म्हणजे झाडाचे ‘वय’ नुसते दिवसांवर मोजले जात नाही, कमाईवरही मोजले जाते.

मकेवाला

हे सगळे रुंद पानांचे झाले. मका, ज्वारी, ऊस यांच्या पानांना खाचा नाहीत, दाते असले तर अगदी सूक्ष्म. त्यांच्या पानाची वाढ कोठे होते?

विचारण्याचे कारण असे की, मक्याच्या पोंग्यात अळी शिरली की काही दिवसांनी बाहेर आलेल्या पानावर एका सरळ आडव्या रेषेत भोके दिसतात, जणू कोणी दाभणाने मोजून पाडली आहेत. अळी रेघ आखून खात नाही, हे तर उघड आहे.

बांधावरचा

मकेवाला, पोंग्यात पान गुंडाळलेले असताना अळीने एकदा आरपार भोक पाडले, की ते गुंडाळीच्या प्रत्येक पदरातून जाते. पान उलगडले की त्याच एका भोकाची ओळ दिसते. पण तुमच्या निरीक्षणात त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जे भोक पोंग्याच्या आत खोलवर पडले होते, ते पुढे वर सरकून उजेडात येते. गवतवर्गीय पानाची वाढ त्याच्या तळाशी, आवरणाच्या आत चालू असते. तेथे नवीन पेशी बनतात आणि जुन्या वर ढकलल्या जातात, त्यामुळे पानाचे टोक सर्वांत जुने आणि बूड सर्वांत नवे असते. गाईने गवताचे टोक खाल्ले तरी पान खालून वाढत राहते, ते याचमुळे.

कपाशीसारख्या रुंद पानातही थांबण्याचा क्रम पुष्कळदा टोकाकडून बुडाकडे असतो. पेशींचे विभाजन आधी टोकाशी थांबते आणि बुडाशी शेवटी. फरक एवढाच की तेथे सगळे पान काही दिवसांत थांबून जाते आणि त्यानंतर फक्त पेशी फुगतात.

गणिती

या थांबण्याच्या क्रमात थोडा जरी बदल झाला तरी पान सपाट राहणार नाही, असे भूमितीवरून दिसते. मध्यभागापेक्षा कडा जास्त वाढली, तर ते जादा क्षेत्र सपाट पृष्ठावर मावणार नाही आणि कडेला लाटा येतील. परकराच्या घेराला झालर लावताना आपण कापड मुद्दाम जास्त घेतो, तोच हिशेब. उलट मध्यभाग जास्त वाढला, तर पान वाटीसारखे खोलगट होईल. असे असताना बहुसंख्य पाने सपाट निघतात, याचेच मला नवल वाटते. सपाटपणा फुकट मिळत नसणार. तो राखणारी काही तरी व्यवस्था असणार.

सूक्ष्मदर्शी

गणिती, तुम्ही वर्णन केलेली व्यवस्था 2003 मध्ये सापडली आणि त्या कामात एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. उत्पल नाथ तेव्हा इंग्लंडमधील नॉरिच येथील जॉन इन्स केंद्रात एन्रिको कोएन यांच्या गटात होते. पुढे ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. अँटिर्‍हिनमच्या एका उत्परिवर्तित वाणाची पाने कडेला चुण्या पडलेली असतात. त्यांनी दाखवले की, त्या वाणात सिनसिनाटा नावाचे जनुक बिघडलेले असते, त्यामुळे ‘आता विभाजन पुरे’ हा संदेश पानात उशिरा पसरतो, कडेच्या पेशी त्याला आणखी उशिरा दाद देतात, आणि कडा गरजेपेक्षा जास्त वाढते. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने ॲराबिडॉप्सिसमध्ये याच कुळातील जनुके मिर-319 या छोट्या आरएनएच्या ताब्यात असतात, असे दाखवले. तेथेही तो ताबा बिघडला की पाने चुरगळतात.

मिरचीचा चुरडामुरडा आठवा. फुलकिडे कोवळ्या पानातला रस शोषतात, त्या जागच्या पेशी पुढे फुगत नाहीत, आणि बाकीच्या फुगतात. त्यामुळे पान वरच्या बाजूला वळते. कोळी ही बारीक कीड लागली तर ते खाली वळते. पान उलगडल्यावर फवारणी केली तरी वळलेले पान सरळ होत नाही, ते याच कारणाने.

जाईजुई

मी घरच्या गॅलरीतली माळीण, शेतीचा अनुभव नाही. माझा प्रश्न मनी प्लांटचा आहे. कुंडीतून खाली सोडलेल्या वेलीची पाने वर्षानुवर्षे तळहाताहून लहान राहिली आहेत, आणि आमच्याच सोसायटीच्या आवारात झाडावर चढलेल्या त्याच वेलीची पाने हातभर लांब आणि फाटलेली झाली आहेत. खत-पाणी वाढवले तर कुंडीतली पाने मोठी होतील का?

बांधावरचा

जाईजुईताई, जी पाने आज वेलीवर पूर्ण उलगडलेली आहेत, ती कितीही खत घातले तरी मोठी होणार नाहीत. पानाचे अंतिम आकारमान दोन गोष्टींवर ठरते: त्यात पेशी किती बनल्या आणि प्रत्येक पेशी किती फुगली. पेशी फुगते ती आतल्या पाण्याच्या दाबाने. पान वाढीच्या दिवसांत पाणी कमी पडले तर पेशी लहान राहतात, त्यांच्या भिंती घट्ट होतात, आणि नंतर पाणी मिळाले तरी वेळ टळलेली असते. पेशी कमी बनल्या तर उरलेल्या पेशी जास्त फुगून काही अंशी भरपाई करतात, असे जपानच्या हिरोकाझू त्सुकाया यांनी आणि इतरांनी नोंदवले आहे. पण ती भरपाई क्वचितच पुरी पडते.

मनी प्लांटचे मात्र खत-पाण्यावर भागत नाही. त्या वेलीला वर चढण्यासाठी आधार मिळाला, तरच तिची पाने क्रमाने मोठी होत जातात, आणि खाली लोंबकळू दिली तर लहानच राहतात. ओलसर काथ्या गुंडाळलेली जाड काठी कुंडीत रोवून वेल तिच्यावर चढवावी. नवीन येणारे प्रत्येक पान आधीच्याहून थोडे मोठे येईल, हातभर मात्र होणार नाही.

पाने एकाएकी लहान येऊ लागली तर आधी जस्ताची कमतरता तपासावी. लिंबूवर्गात ती हमखास दिसते. पाने लहान, अरुंद आणि शिरांमध्ये पिवळी होतात. वांग्यात बारीक पानांचा झुपका आला तर तो पर्णगुच्छ आहे, तुडतुड्यांनी आणलेला; त्या झाडाला जस्त देण्यात अर्थ नाही, ते उपटून टाकावे.

घाटमाथा

कडेच्या दातांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून विचारतो. थंड प्रदेशातल्या झाडांच्या पानांना दाते असतात आणि उष्ण प्रदेशात कडा अखंड असते, असे वाचले आहे. वड, पिंपळ, आंबा, फणस, जांभूळ ही झाडे त्याला पुष्टी देतात. पण कडुनिंबाच्या पर्णिकेला सरळसरळ करवती दाते आहेत, आणि बोरीलाही बारीक दाते असतात. हा नियम कितपत धरावा?

सूक्ष्मदर्शी

तो नियम एकेका झाडाला लावायचा नसतोच. अमेरिकेतील आयर्व्हिंग बेली आणि एडमंड सिनॉट यांनी 1915 आणि 1916 मध्ये दाखवले ते असे की, एखाद्या प्रदेशातल्या सर्व रुंदपर्णी झाडांमध्ये अखंड कडेच्या जातींचे प्रमाण उष्णतेबरोबर वाढते. जीवाश्म पानांवरून प्राचीन काळचे तापमान अदमासण्यासाठी ते प्रमाण आजही वापरतात. कडुनिंबाने ते मोडत नाही. दाते थंडीत का उपयोगी पडावेत, यावर अनेक मते आहेत आणि एकमत नाही.

दाता घडतो कसा, हे मात्र बरेच स्पष्ट आहे. पानाच्या कडेवर ऑक्झिन ठिकठिकाणी साचते, तेथे दाता पुढे येतो. दोन दात्यांच्या मधल्या जागी कक-2 हे जनुक वाढ रोखून धरते. शेंड्यावर पाने उगवण्याची जी तऱ्हा धाग्याच्या सुरुवातीला सांगितली आहे, तीच येथे पानाच्या कडेवर लहान प्रमाणात पुन्हा वापरली जाते. दात्याच्या टोकाशी साचलेले ऑक्झिन आत वाहू लागते आणि त्या वाटेवर शीर तयार होते. म्हणून कपाशीच्या पानातही प्रत्येक खंडाच्या मधोमध एक मुख्य शीर सापडते.

पऱ्हाटी

भाऊ, माहिती वाचली. आता कास्तकाराचे दोन प्रश्न. भेंडीपानी कपाशी जर नुसत्या एका जनुकाने होते, तर ती लावण्यात फायदा आहे का? आणि तणनाशकाने पाने बिघडलीच, तर ती खुडून टाकावीत की ठेवावीत?

बांधावरचा

भेंडीपानी कपाशीत खालच्या फांद्यांपर्यंत ऊन आणि हवा अधिक पोहोचते, झाडातला ओलावा लवकर सुकतो आणि त्यामुळे बोंडसड कमी होते. पांढरी माशीही तिच्यावर कमी राहते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. फवारणीचे थेंबही आतपर्यंत जातात. तोटा असा की, पानांचे एकूण क्षेत्र कमी असल्यामुळे ओळी लवकर मिटत नाहीत, मधल्या जागेत तणाला ऊन मिळते आणि विरळ लागवडीत काही ऊन जमिनीवर वाया जाते. संततधार पावसाच्या, बोंडे सडण्याच्या पट्ट्यात तिचा विचार करण्यासारखा आहे. कोरडवाहू हलक्या जमिनीत तिचा फायदा किती, हे वाणावर आणि झाडांच्या दाटीवर अवलंबून राहील, नुसत्या पानावर नाही.

बिघडलेली पाने खुडू नयेत. ती चिंचोळी असली तरी हिरवी आहेत आणि झाडाला अन्न देत आहेत. झाडाला ताण पडू देऊ नये आणि त्याच पंपाने पुन्हा फवारणी करू नये. पंपातून टू-फोर-डी नुसत्या पाण्याने सहज जात नाही, म्हणून तणनाशकाचा पंप कायमचाच वेगळा ठेवावा. नुकसानीचा अंदाज पानांवरून बांधू नये. पाते (फुलाच्या कळ्या) आणि लहान बोंडे किती गळाली, ते पाहावे. शेंड्यावर सलग दोन-तीन पाने पुन्हा रुंद आली म्हणजे शेंड्यातला परिणाम ओसरला, असे समजायला हरकत नाही.